माल्टा : महामारीतील प्रवेशनियम आणि पाहुणचाराचा वारसा

रोमकडे निघालेले कैद्यांचे गलबत वादळात फुटले आणि त्यावरील २७६ जण पोहत किंवा फळ्यांच्या आधाराने माल्टाच्या किनाऱ्याला लागले. संत पौल हे त्या कैद्यांपैकीच एक होते. पावसात भिजलेल्या त्या अनोळखी लोकांसाठी बेटवासीयांनी शेकोटी पेटवली. बेटाचा प्रमुख पुब्ल्य याने त्यांचा तीन दिवस पाहुणचार केला. त्याचे वडील ज्वर व आमांशाने अंथरुणाला खिळले होते. पौलांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले आणि ते बरे झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या दोन अध्यायांतील हा वृत्तान्त आपल्या परिचयाचा आहे. माल्टाची ख्रिस्तसभा दरवर्षी १० फेब्रुवारीला या घटनेचा सण साजरा करते.

पाहुणचारासाठी बायबलमध्ये नोंदल्या गेलेल्या याच बेटाला मार्च २०२० मध्ये आपली दारे बंद करावी लागली. कोविड महामारीच्या काळात माल्टाने प्रवेशाचे कोणते नियम केले, ते का केले आणि त्यांतून कोणते प्रश्न उभे राहिले, याची नोंद आम्ही येथे देत आहोत.

बेटाची अडचण

माल्टाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पाच लाखांच्या वर आहे. युरोपीय संघातील हा सर्वांत दाट वस्तीचा देश. बाहेरून येणाऱ्यांसाठी एकच आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि मोजकी बंदरे असल्यामुळे येथे दार बंद करणे सोपे असते. परंतु एकदा रोग आत शिरला की माणसांना पांगायला जागा नसते आणि रुग्णालयेही मोजकीच असतात. बेटाचे हे बळ आणि हे दुबळेपण लक्षात घेतल्याशिवाय तेथील नियम समजत नाहीत.

जुना अनुभव

माल्टाला विलगीकरण नवे नव्हते. मार्सामशेट बंदरातील एक छोटे बेट पूर्वी तेथील कॅथेड्रलच्या मालकीचे होते आणि बिशपांचे बेट म्हणून ओळखले जाई. संत योहानाच्या सरदारसंघाने मोबदल्यात दुसरी जमीन देऊन ते घेतले आणि ग्रँड मास्टर लास्कारिस यांच्या कारकिर्दीत, १६४३ मध्ये, तेथे कायमस्वरूपी विलगीकरणगृह उभारले. त्याला लाझारेटो म्हणत. पुढे हे बेट मानोएल बेट या नावाने प्रसिद्ध झाले. पूर्वेकडून येणारे प्रवासी, माल आणि पत्रेसुद्धा तेथे थांबवली जात. पत्रांना चिरा पाडून धुरी दिली जाई.

येथे थांबलेल्या एका प्रवाशाचे नाव आपल्याला जवळचे आहे. जॉन हेन्री न्यूमन हे जानेवारी १८३३ मध्ये काही दिवस या लाझारेटोत विलगीकरणात होते. त्या वेळी ते अँग्लिकन धर्मगुरू होते. १८४५ मध्ये ते कॅथॉलिक झाले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य हा किताब दिला.

एवढी व्यवस्था असूनही १८१३ मध्ये अलेक्झांड्रियाहून आलेल्या एका जहाजाबरोबर प्लेग आला आणि सुमारे साडेचार हजार माणसे दगावली. १६७५-७६ च्या साथीत तर अकरा हजारांवर बळी गेले होते. नियमात एक फट राहिली तरी बेटाला किती किंमत मोजावी लागते, हे तेथील पिढ्यांना ठाऊक होते.

२०२० : दारे बंद

माल्टात कोविडचा पहिला रुग्ण ७ मार्च २०२० रोजी आढळला. त्याच आठवड्यात इटलीसह काही देशांशी वाहतूक थांबवण्यात आली आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवसांचे विलगीकरण सक्तीचे झाले. नियम मोडणाऱ्यास प्रथम एक हजार युरो दंड होता, तो लवकरच तीन हजार करण्यात आला. २१ मार्चपासून प्रवासी विमाने बंद झाली. अन्नधान्य व औषधांची मालवाहतूक तेवढी चालू राहिली आणि परदेशी अडकलेल्यांना आणण्यासाठी खास विमाने सोडण्यात आली. ३१ मे २०२० रोजी ठरलेली पोप फ्रान्सिस यांची माल्टा भेटही पुढे ढकलावी लागली.

१ जुलै २०२० पासून निवडक देशांसाठी विमानतळ पुन्हा उघडला. साथीने पुन्हा डोके वर काढल्यावर देशांच्या रंगवार याद्या आल्या. पिवळ्या यादीतील देशातून येणाऱ्याला अलीकडे केलेल्या चाचणीचा नकारात्मक अहवाल दाखवावा लागे. गडद लाल यादीतील देशातून येण्यासाठी तेथील सार्वजनिक आरोग्य अधीक्षकांची पूर्वपरवानगी आणि विलगीकरण आवश्यक असे. थोडक्यात, त्या काळात प्रवाशाला पाच गोष्टींचा हिशेब द्यावा लागे : गेले दोन आठवडे तो कोठे होता, चाचणी केव्हा झाली, लस कोणती घेतली, तो कोठे उतरणार, आणि प्रसंग पडल्यास कोठे एकटा राहणार.

२०२१ : लसीचा दाखला

९ जुलै २०२१ रोजी माल्टाच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की १४ जुलैपासून पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच देशात प्रवेश मिळेल. युरोपीय संघात असा नियम जाहीर करणारा माल्टा हा पहिलाच देश. युरोपीय आयोगाने हरकत घेतली, कारण १ जुलैपासून लागू झालेल्या सामायिक प्रमाणपत्रात चाचणी किंवा आजारातून बरे झाल्याचा दाखलाही ग्राह्य होता. काही दिवसांतच नियम बदलला. लस न घेतलेल्यांनाही येऊ देण्याचे ठरले, मात्र त्यांना विलगीकरणात राहणे भाग होते.

याच वेळी आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेला एक पेच उभा राहिला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड ही ॲस्ट्राझेनेकाचीच लस. परंतु या नावाने व या कारखान्यात तयार झालेल्या लसीला युरोपीय औषध संस्थेची मान्यता नव्हती. ब्रिटनमध्ये काहींना भारतात बनलेल्या कुप्यांतील मात्रा मिळाल्या होत्या. अशा एका दांपत्याला जुलै २०२१ मध्ये माल्टाच्या विमानात चढू दिले गेले नाही. त्यांनी सरकारने दिलेली लस सरकारी केंद्रात घेतली होती, तरीही कुपीवरील क्रमांक त्यांच्या आड आला. टीका झाल्यावर माल्टाने ब्रिटनमधून येणाऱ्यांबाबत ही अट मागे घेतली. युरोपातील इतर अनेक देशांनीही त्या महिन्यापासून कोविशील्डला मान्यता दिली.

दाराबाहेर राहिलेले

नियमांचा सर्वांत कठोर भार तिकीट काढून येणाऱ्यांवर पडला नाही. एप्रिल २०२० मध्ये माल्टाने आपली बंदरे समुद्रातून सोडवलेल्या स्थलांतरितांसाठी सुरक्षित नाहीत असे जाहीर केले. लिबियाहून निघालेल्या चारशेहून अधिक माणसांना देशाच्या सागरी हद्दीबाहेर, पर्यटकांच्या सहलीसाठी बांधलेल्या नौकांवर ठेवण्यात आले. काही जण त्यांवर महिन्याहून अधिक काळ होते. जूनच्या आरंभी त्यांना किनाऱ्यावर उतरवण्यात आले.

विलगीकरण म्हणजे आत घेऊन ठराविक दिवस वेगळे ठेवणे. लाझारेटोत थांबलेल्या प्रवाशाला सुटकेचा दिवस ठाऊक असे. नौकांवरील माणसांना ना दिवस सांगितला होता, ना किनारा. रोगाला रोखणे आणि माणसाला नाकारणे यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००५ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीही देशांना आरोग्यरक्षणासाठी निर्बंध घालू देते, पण प्रवाशाची प्रतिष्ठा जपावी आणि विलगीकरणात त्याला अन्न, पाणी, निवारा, उपचार व संपर्काची सोय मिळावी, असे बजावते. विलगीकरणाचा खर्च प्रवाशाकडून घेऊ नये असेही त्यात सर्वसाधारणपणे म्हटले आहे. महामारीत अनेक देशांनी तो प्रवाशांकडूनच वसूल केला.

लांबणीवर पडलेली पोप फ्रान्सिस यांची भेट अखेर २ व ३ एप्रिल २०२२ रोजी झाली. भेटीचे बोधवाक्य पौलांच्या पाहुणचाराच्या त्याच वृत्तान्तातून घेतले होते. राबात येथील संत पौलांच्या गुहेत त्यांनी प्रार्थना केली आणि हाल फार येथील, पोप योहान तेविसावे यांच्या नावाच्या शांतता केंद्रात ते स्थलांतरितांना भेटले. दोन वर्षांपूर्वीच्या घटना लक्षात घेता या भेटीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

आजची स्थिती

२५ जुलै २०२२ पासून माल्टाने कोविडसंबंधीच्या प्रवेशाच्या सर्व अटी रद्द केल्या. लसीचा दाखला, चाचणी किंवा विलगीकरण यांपैकी काहीही आता लागत नाही. माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा मात्र लागतोच.

तीर्थयात्रेस अथवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या बांधवांनी या अनुभवातून काही सवयी लावून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. लसीकरणाचे दाखले जपून ठेवावेत. बाप्तिस्म्याचे नाव, शाळेतील नाव आणि पारपत्रावरील नाव वेगवेगळे असणे आपल्याकडे नवीन नाही. वैद्यकीय दाखल्यावर पारपत्रावरीलच नाव घालून घ्यावे. नियम त्या देशाच्या शासकीय स्रोताकडूनच जाणून घ्यावेत आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावेत. माल्टाचा जुलै २०२१ चा नियम आठवड्याच्या आत बदलला होता, हे विसरू नये. वाटेत जेथे विमान बदलायचे, त्या देशाचे नियमही पाहावेत.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. ती आली तर बेटे पुन्हा आपली दारे लावतील, आणि दुर्बल व वृद्धांच्या रक्षणासाठी तसे करणे हे त्यांचे कर्तव्यही असेल. मात्र दारात उभ्या असलेल्याला थांबण्यासाठी सुरक्षित जागा आणि सुटकेचा निश्चित दिवस मिळाला का, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. पुब्ल्याच्या घरात आजार होता, तरीही त्याने अनोळखी कैद्यांना आत घेतले आणि त्याच कैद्यांपैकी एकाच्या हातून त्याच्या वडिलांना आरोग्य लाभले, याचे स्मरण ठेवावे.