वऱ्हाडी माणूस कोणी लिहिला?

आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे होते. इंग्रजांच्या कागदोपत्री त्याचा उच्चार ‘वुन’. मुख्यालय यवतमाळला, नाव तेवढे वणीचे. पुढे तेही गेले. आजच्या धाग्यात या वणीपासून निघून एक प्रश्न विचारायचा आहे. एखाद्या प्रदेशाच्या माणसाचा स्वभाव त्याच्या साहित्यातून कळतो का? आणि कळत असेल, तर कोणत्या साहित्यातून?

विसाव्या शतकात हा प्रश्न सर्वांत आग्रहाने विचारला गेला तो मेक्सिकोत. १९५० साली ऑक्ताव्हिओ पाझ यांनी ‘एकाकीपणाचा चक्रव्यूह’ अशा अर्थाच्या नावाचा निबंधग्रंथ लिहिला. मेक्सिकन माणूस मुखवटा धारण करून जगतो, हसतानाही स्वतःला झाकून घेतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. (हेच पाझ १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते.) १९५५ मध्ये हुआन रुल्फो यांची ‘पेद्रो पारामो’ ही छोटीशी कादंबरी आली. तीत सिद्धांत नाही. एका ओसाड गावातली मेलेली माणसे बोलत राहतात आणि आपण ऐकत राहतो. पाझ यांनी निदान केले. रुल्फो यांनी कान दिला. वऱ्हाडाच्या वाट्याला निदाने पुष्कळ आली, कान देणारे थोडे.

पहिले निदान म्हणीतले: ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’. काळी जमीन, पांढरा कापूस. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. सोने होते, यात शंका नाही. परंतु म्हण जमिनीविषयी बोलते. ती जमीन कसणाऱ्याविषयी एक अक्षर काढत नाही.

आता वणीचे सुपुत्र लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्याकडे वळू. जन्म वणीचा, १८८० सालचा. टिळकांचे अनुयायी, यवतमाळचे वकील, पुढे बिहारचे राज्यपाल. १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. स्वतंत्र विदर्भाचे ते खंदे पुरस्कर्ते. १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. अशा माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात महाकाव्य रचायला घेतले ते संस्कृतात, आणि नायक निवडला पुण्याचा! ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे ते काव्य. १९७३ चा संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा अणे जाऊन पाच वर्षे झाली होती.

यात कोणाला विसंगती दिसेल. मला ती त्या पिढीच्या संस्काराची खूण वाटते. विदर्भाचे वेगळेपण राजकारणात ठासून मांडावे, पण गंभीर आशय गंभीर भाषेतच लिहावा, आणि वऱ्हाडी ही गंभीर भाषा नव्हे, हे जणू गृहीतच होते.

खरे तर याच प्रदेशाने सातशे वर्षांपूर्वी याच्या उलट उदाहरण घालून दिले होते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे केंद्र. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ऐकणाऱ्यांना विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृतात लिहू इच्छिणाऱ्या शिष्याला अडवले, ते म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील म्हणून. म्हातारीला कळेल ती भाषा, असा निकष असलेली परंपरा वऱ्हाडच्या मातीतच होती. मधल्या काळात तिचा विसर पडला.

तो विसर मोडला उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने, १९६० साली. कौतिक ही मोलमजुरी करणारी बाई. नवरा महादेव शिंपी, पुढे महारोगाने ग्रासलेला. तोवर करमणुकीत वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की बहुधा हशासाठी. ‘मला’चे ‘मले’, ‘डोळा’चा ‘डोया’, ‘का’ऐवजी ‘काऊन’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राह्यला’: एवढ्या भांडवलावर विनोद उभा राही. शेळक्यांनी हेच शब्द उपाशी घरात बोलायला लावले, आणि हसू थांबले. कौतिकजवळ मुखवटा नाही. ती फटकळ आहे, उत्तराला उत्तर देते, आणि दुःखावर भाष्य करण्यापेक्षा कामाला लागते. शेवटी तिचे मनच मोडते. सोन्याच्या कुऱ्हाडीचा दांडा ज्यांच्या हाती होता, त्यांचे घर आतून कसे दिसते, हे मराठी वाचकाने या कादंबरीत पाहिले.

येथे थोडे थांबावे लागते. कौतिक म्हणजेच वऱ्हाडी माणूस, असे म्हटले तर तेही एक निदानच ठरेल. वणीच्या आग्नेयेला वर्धा आणि पैनगंगा एकत्र येतात. पलीकडे चंद्रपूर, म्हणजे जुने गोंड राज्य, आणि दक्षिणेला तेलुगू मुलूख. या पट्ट्यातील कोलाम लोकांची कोलामी ही द्रविड कुळातील भाषा. तिचा ‘मले-तुले’शी नात्याचा संबंध नाही. भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ या कवितासंग्रहापासून आदिवासी अनुभव मराठी कवितेत ठळकपणे बोलू लागला. परंतु ‘वऱ्हाडी साहित्य’ म्हणताना ही नावे अजून चटकन ओठांवर येत नाहीत.

दरम्यान नवे निदान तयार झाले होते: ‘शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा’. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत यवतमाळ होते, आणि वृत्तपत्रांनी तीच ओळख कायम केली. यावेळी निदान खोटे नव्हते, म्हणूनच अधिक अवघड होते.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, मोठा वाद झाला, आणि अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. त्या याच जिल्ह्यातील, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकट्याने संसार ओढणाऱ्या. अशाच स्त्रियांना घेऊन उभ्या राहिलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. निमंत्रण रद्द करणाऱ्यांची लाज झाकण्यासाठी त्यांना पुढे केले, अशी टीका तेव्हा झाली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. तरीही संमेलनाच्या मंचावर त्या दिवशी बोलत होती ती बाई कोणाच्या कादंबरीतले पात्र नव्हती.

‘धग’ वाचली नसेल, तर पहिली दहा पाने मोठ्याने वाचून पाहा. मनातल्या मनात वाचली तर ‘मले’ नुसते डोळ्यांना दिसते.