तरुण वयात स्तनाचा कर्करोग: उपचार संपल्यानंतरचं आयुष्य कसं असतं?

भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. वय वाढतं तसा धोका वाढतो, पण चाळिशीच्या आतल्या महिलांनाही हा आजार होतो. साधारणपणे ४० वर्षांखालच्या रुग्णांना डॉक्टर 'तरुण रुग्ण' म्हणतात.

पस्तिसाव्या वर्षी निदान होऊन बऱ्या झालेल्या महिलेपुढे आणखी तीस-चाळीस वर्षं असू शकतात. लग्न, मूल, नोकरी हे प्रश्नही याच वयातले. त्यामुळे 'आजार परत येईल का?' याइतकाच 'ही वर्षं कशी जातील?' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. पुढचे बरेच त्रास टाळता किंवा कमी करता येतात. मात्र त्यातल्या काहींचा विचार उपचार सुरू होण्याआधीच करावा लागतो.

जगण्याचा दर्जा कसा मोजतात?

त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या असतात. युरोपातली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या सर्वसाधारण भागात ३० आणि स्तनाच्या कर्करोगासाठीच्या भागात २३ प्रश्न आहेत. थकवा, झोप, वेदना, शरीराबद्दलची भावना, लैंगिक आयुष्य, पैशांची ओढाताण असे विषय त्यात येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या प्रश्नावलीची हिंदी आणि मराठी रूपं तपासून पाहण्यात आली आहेत.

२००३ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपर्यंत निदान झालेल्या ५७७ महिलांची निदानानंतर सरासरी सहा वर्षांनी पाहणी केली गेली. त्यांची शारीरिक क्षमता चांगली होती. पण त्यांच्यात ज्या सर्वांत तरुण होत्या, त्यांचं मानसिक आरोग्य तुलनेनं खालावलेलं होतं आणि उत्साहही कमी होता. म्हणजे वरून ठणठणीत दिसणारी तरुण महिला आतून सावरलेली असेलच असं नाही.

पाळी आणि मूल

केमोथेरपीच्या काही औषधांमुळे बीजांडकोषांना इजा होते. पाळी तात्पुरती किंवा कायमची थांबू शकते. वय जितकं जास्त, तितकी ती कायमची जाण्याची शक्यता अधिक.

मूल हवं असेल तर केमोथेरपीआधी स्त्रीबीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात. त्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. दुसरा उपाय म्हणजे केमोथेरपीच्या काळात बीजांडकोषांना 'विश्रांती' देणारं इंजेक्शन. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हार्मोनशी संबंध नसलेला कर्करोग असलेल्या ज्या महिलांना हे इंजेक्शन दिलं, त्यांच्यापैकी ८ टक्के जणींचे बीजांडकोष दोन वर्षांनी निकामी झालेले होते. इंजेक्शन न दिलेल्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होतं.

गर्भधारणेमुळे कर्करोग परत येतो, ही भीती अनेक घरांत असते. २०२३ मध्ये 'पॉझिटिव्ह' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. हार्मोनशी संबंधित कर्करोग असलेल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या महिलांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेतल्यावर, मूल होण्यासाठी त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या. गर्भधारणेसाठी पाठपुरावा केलेल्या ४९७ जणींपैकी ३१७ जणींना मूल झालं. पहिल्या तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं. गोळ्या न थांबवलेल्या तुलनेच्या गटात ते ९.२ टक्के होतं. हा आजार बऱ्याच वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून या महिलांचा पाठपुरावा पुढेही चालू आहे.

रोजची गोळी आणि न सांगितलेला त्रास

हार्मोनशी संबंधित कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते. ती आजार उलटण्याचा धोका कमी करते. पण अंगातून गरम वाफा येणं, रात्री घाम, योनीचा कोरडेपणा, संबंधांची इच्छा कमी होणं, चिडचिड असे त्रासही होऊ शकतात. तिशीतल्या महिलेला हे बोलायला संकोच वाटतो आणि गोळी गुपचूप बंद होते.

फ्रान्समध्ये पाळी चालू असलेल्या वयातल्या १,१७७ महिलांच्या रक्तातलं टॅमॉक्सिफेनचं प्रमाण वर्षभरानंतर तपासलं गेलं. १६ टक्के महिला गोळी नीट घेत नव्हत्या. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी 'घेतो' असं सांगितलं होतं. पुढे या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

गरम वाफा आणि कोरडेपणा यांवर हार्मोनविरहित उपाय आहेत. मात्र ते मनानं घेऊ नयेत, कारण नैराश्यावरची काही औषधं टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतात. आणखी एक गोष्ट: पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो आणि टॅमॉक्सिफेनमुळे गर्भाला इजा होऊ शकते. म्हणून या काळात कॉपर-टी किंवा निरोधसारखं हार्मोन नसलेलं साधन वापरावं लागतं.

हात, हाडं आणि थकवा

काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यास साधारण पाचपैकी एका महिलेच्या हाताला सूज येते. फक्त पहिल्या काही गाठी तपासल्या तर हा धोका बराच कमी असतो. 'त्या हातानं काही उचलायचं नाही' हा सल्ला घरोघरी दिला जातो. पण २००९ मध्ये, सूज असलेल्या १४१ महिलांच्या अमेरिकी चाचणीत हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामानं सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

पाळी लवकर गेल्यास हाडं ठिसूळ होतात, म्हणून त्यांची घनता तपासतात. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. त्यासाठी टूडी इको करतात. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या थकव्यावर नियमित चालणं आणि व्यायाम हा सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो.

डॉक्टरांना कधी काय विचारावं?

उपचारांआधी: पुढे मूल हवं असेल तर आत्ता काय करावं लागेल? स्तन वाचवता येईल का? काखेतल्या सगळ्या गाठी काढणं गरजेचं आहे का? जनुकीय चाचणी करावी का? तिचा निकाल बहिणींसाठीही महत्त्वाचा असतो.

उपचार चालू असताना: गोळीचा त्रास कसा कमी करता येईल? तिला पर्याय आहे का?

उपचारांनंतर: हाडं आणि हृदयाची तपासणी कधी करायची? झोप, उदासी, आजार परत येण्याची भीती यांसाठी समुपदेशन कुठे मिळेल?

हे प्रश्न घरच्यांपैकी कुणीही विचारू शकतं. तपासणीला जाण्याआधी ते कागदावर लिहून नेले, तर घाईत एखादा राहून जात नाही.