पाऊस 'सरासरीइतका', तरी दुष्काळ कसा? पाऊस, धरणसाठा आणि पीकस्थितीचे आकडे कसे वाचायचे

२०२३ च्या पावसाळ्याचा हिशोब ३० सप्टेंबरला मिटला तेव्हा हवामान खात्याच्या तक्त्यात मराठवाडा 'सरासरीइतका पाऊस' या रकान्यात होता. त्याच सुमारास पैठणचे जायकवाडी धरण निम्मेही भरलेले नव्हते. आणि ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात मराठवाड्यातलेही अनेक तालुके होते.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पाऊस, धरणातला साठा आणि शेतातले पीक ही तीन वेगवेगळी मोजमापे आहेत. ती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी घेतली जातात आणि त्यांच्यावर वेगवेगळे निर्णय अवलंबून असतात. कुणाला विम्याचे पैसे मिळणार, कोणत्या कालव्याला पाणी सुटणार, कोणत्या गावात टँकर जाणार हे शेवटी यातल्याच कुठल्यातरी आकड्यावर ठरते. म्हणून हे आकडे कसे तयार होतात ते पाहू.

पावसाचा आकडा कुठून येतो?

पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लिहितात. त्यामुळे 'आज ७० मिमी' असे वाचले तर त्यातला बराचसा पाऊस काल दुपारी किंवा रात्री पडलेला असतो. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराच्या हिशोबात ते साधारण चार हजार लिटर होते. २४ तासांत किमान अडीच मिमी पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरला जातो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की महाराष्ट्रात त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते.

हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. या चार महिन्यांची अनेक वर्षांची सरासरी काढून यंदाचा पाऊस तिच्याशी ताडून पाहतात. विभाग किंवा जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त या पट्ट्यात असेल तर तो 'सरासरीइतका' ठरतो. तूट २० ते ५९ टक्के असेल तर 'कमी', आणि ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 'अतिशय कमी'. हा पट्टा चांगलाच रुंद आहे. सरासरी ६५० मिमी असलेल्या ठिकाणी ५३० मिमी पाऊस पडला तर तूट साधारण १८ टक्के येते आणि कागदावर सगळे आलबेल दिसते.

त्याहून मोठी अडचण अशी, की बेरीज पाऊस केव्हा पडला ते सांगत नाही. २०२३ मध्ये देशाचा जुलैचा पाऊस सरासरीच्या ११३ टक्के होता आणि सप्टेंबरचाही ११३ टक्के. मधला ऑगस्ट मात्र ६४ टक्क्यांवर आला. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. चार महिन्यांची बेरीज ९४ टक्के झाली. आता शेतातले चित्र पाहा. जूनअखेर-जुलैत पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात येते, शेंगा धरते. नेमके तेव्हाच पाणी नसेल तर फुले गळतात, दाणा भरत नाही. सप्टेंबरच्या पावसाने सरासरी भरून निघाली, गळालेल्या शेंगा परत आल्या नाहीत.

म्हणून बेरजेपेक्षा 'खंड' महत्त्वाचा. सलग किती दिवस पाऊस नव्हता हे पाहण्याची जुनी सवय शेतकऱ्यांना आहेच. मृगाचा किती, आर्द्राचा किती, हस्त लागला तेव्हा काय झाले, असा नक्षत्रवार हिशोब म्हणजे पावसाच्या वाटपाचाच हिशोब होय. सरकारी भाषेत २१ दिवसांचा खंड हा शब्दप्रयोग २०२३ मध्ये घरोघरी पोहोचला, कारण पीकविम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम त्यावरच अडली होती. (खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते, त्यामुळे ही आगाऊ रकमेची तरतूद आता राहिलेली नाही.) पेरणीच्या वेळीही तोच मुद्दा असतो. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्या सरीवर पेरणी उरकली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसतो.

आणि पाऊस कुणाचा मोजला? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्याही खाली असतो. दोन्ही ठिकाणे सातारा जिल्ह्यातलीच. जिल्ह्याची सरासरी काढली तर ती ना महाबळेश्वरची राहते ना वाईची. ही दरी कमी करण्यासाठी राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तरी एका मंडळात सरासरी वीसेक गावे येतात. केंद्र असलेल्या गावात सर आली आणि पलीकडच्या शिवारात थेंब पडला नाही, असे पावसाळ्यात सर्रास घडते. मंडळाचा आकडा मात्र सगळ्यांना एकच लागतो.

धरणाची टक्केवारी: कशाचे शंभर?

टीव्हीवर सर्वांत जास्त दिसणारा आकडा हाच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणाराही हाच. धरणातले पाणी कुणी मापाने मोजत नाही. भिंतीजवळच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचतात आणि आधीच तयार केलेल्या कोष्टकातून त्या पातळीला किती साठा ते काढतात. धरणात गाळ साचत जातो तसे ते कोष्टक जुने होत जाते, म्हणून अधूनमधून क्षमतेचे नव्याने सर्वेक्षण करावे लागते.

साठ्याचे दोन भाग असतात. कालव्याच्या तोंडाच्या वरचा, म्हणजे आपोआप सोडता येणारा तो उपयुक्त साठा, आणि त्याखालचा तो मृत साठा. बातमीतली टक्केवारी बहुधा उपयुक्त साठ्याची असते. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसी. सोलापूर जिल्ह्याचा आधार असलेल्या उजनीत उलटे आहे. तिथे उपयुक्त साठा साधारण ५३.५ टीएमसी आणि मृत साठा त्याहून मोठा, जवळपास ६३.५ टीएमसी. त्यामुळेच उजनी 'उणे' जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे मृत साठ्यातलेही ३२ टीएमसी पाणी वापरून झाले होते. धरण कोरडे पडले असा त्याचा अर्थ नाही. पण कालव्याला पाणी मिळणार नाही, असा अर्थ नक्कीच आहे.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. विसर्गाच्या बातम्या क्युसेकमध्ये असतात, तिथे एक सोपा हिशोब ध्यानात ठेवावा: साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी आले किंवा गेले की साधारण एक टीएमसी होतो.

धरण ज्या गावात आहे तिथल्या पावसाने ते भरत नाही, हेही विसरून चालत नाही. उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्याने. करमाळा-माढ्यात आभाळ कोरडे असताना उजनी शंभरी गाठू शकते. जायकवाडीचेही तसेच. नाशिकच्या पश्चिम भागात पाऊस झाला, गंगापूर, दारणा ही वरची धरणे भरली, की मग गोदावरीचे पाणी पैठणला पोहोचते. वर पाऊस बेताचा झाला तर पाणी वरच अडते आणि खाली आवक होत नाही.

१५ ऑक्टोबरची तारीख

इथेच एका टक्केवारीला कायद्याचे वजन येते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी गोदावरी खोऱ्यासाठी आदेश दिला. त्यामागे मेंढेगिरी समितीचा अहवाल होता. आदेशाचा गाभा असा: १५ ऑक्टोबरला साठ्यांचा आढावा घ्यायचा. जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपात वापरलेले पाणी धरून, ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नसेल तर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांनी ठरलेल्या कोष्टकानुसार खाली पाणी सोडायचे.

२०२३ मध्ये जायकवाडी ६५ च्या बरीच खाली होती. ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या भागातून विरोध झाला, खालच्या भागात आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पाणी सुटले ते नोव्हेंबरच्या अखेरीला. वरच्या शेतकऱ्याचे म्हणणे असे, की आमच्या रब्बीच्या आवर्तनातले पाणी जाते आणि कोरड्या नदीपात्रात त्यातले कितीतरी मुरते. खालच्याचे म्हणणे असे, की पाणी वरच अडवले तर आमचे धरण भरणार कधी? मुरण्या-जिरण्याचे प्रमाण पात्र किती कोरडे आहे त्यावर ठरते, त्यामुळे निर्णयाला लागणारा उशीर दोघांनाही महाग पडतो.

राज्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे हेही इथे सांगायला हवे. ज्याच्या शेतात कालवा नाही त्याच्यासाठी धरणाची टक्केवारी ही पिण्याच्या पाण्याची बातमी आहे, पिकाची नाही.

पीक कसे आहे, हे कोण ठरवते?

जुनी पद्धत पैसेवारीची, म्हणजे पूर्वीची आणेवारी. गावातल्या पिकाची स्थिती चांगल्या वर्षाच्या तुलनेत किती, हे पैशांत सांगायचे. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत ती जाहीर होते, आणि ५० पैशांच्या आत आलेले गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरते. त्यामुळे ४८ की ५२ या फरकावरून गावेच्या गावे तहसील कार्यालयात जाऊन बसल्याची उदाहरणे आहेत.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली आणि पैसेवारीऐवजी शास्त्रीय निर्देशांकांवर भर आला. आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचा. तो निकष लागू झाला तर पेरणीचे क्षेत्र, जमिनीतली ओल, पिकाची हिरवाई आणि जलसाठे तपासायचे. त्यानंतर निवडक १० टक्के गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन खात्री करायची. याच पद्धतीने २०१८ मध्ये १५१ तालुके आणि २०२३ मध्ये ४० तालुके निवडले गेले.

यातली हिरवाई उपग्रहावरून मोजतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून एक निर्देशांक निघतो आणि तो त्याच जागेच्या मागच्या वर्षांशी ताडून पाहतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. खरिपात आभाळ ढगांनी भरलेले असते आणि ढगांतून हे उपग्रह पाहू शकत नाहीत. रडारचे उपग्रह पाहू शकतात, पण ते हिरवाई मोजत नाहीत, पिकाची ठेवण आणि ओलावा यांचा अंदाज देतात. दुसरी मर्यादा शेतकऱ्याला लगेच कळेल: हिरवे म्हणजे भरलेले नव्हे. खंडानंतर पाऊस आला की सोयाबीन पुन्हा हिरवे दिसते, तणही हिरवेच असते, आणि शेंगेत दाणा नसतो. म्हणून पीक कापणी प्रयोग सुटत नाही. ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून मळायचे, वजन करायचे. कष्टाचे काम आहे, पण दाणा तिथेच मोजला जातो.

कुठे कोणते पीक उभे आहे, हेही आधी माहीत हवे. त्यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. ही नोंद राहून गेली तर पुढे भरपाई किंवा खरेदीच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही.

संहितेच्या चाळणीतूनही बरेच काही निसटते. ४० तालुक्यांबाहेर ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली. तिथला निकष सरळ होता: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिमीच्या आत. या मंडळांना जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी अशा सवलती मिळाल्या. तालुक्याची सरासरी ज्यांना झाकून टाकत होती ती मंडळे अशी यादीत आली.

आपल्या गावाचा आकडा पाहायचा तर

कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. तिथे हंगामाची टक्केवारी पाहून थांबू नका. दिवसवार तक्ता उघडून खंड मोजा. हवामान खात्याची आणि जिल्हा प्रशासनाची टक्केवारी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नका, दोघांची मूळ सरासरी वेगळी असू शकते. धरणांचा रोजचा साठा जलसंपदा विभाग देतो. तिथे टक्केवारीसोबत मागच्या वर्षी याच तारखेला किती साठा होता, तो स्तंभही वाचावा. देशातल्या दीडशेहून अधिक मोठ्या धरणांचे पत्रक केंद्रीय जल आयोग दर आठवड्याला काढतो.

बातम्यांत फारसा न येणारा एक आकडा मात्र उन्हाळ्यासाठी सर्वांत कामाचा असतो, तो म्हणजे विहिरींच्या पाणीपातळीचा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळा संपल्यावरच्या मोजणीत पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे, यावरून कोणत्या गावात कधीपासून टंचाई जाणवेल याचा अंदाज बांधतात. जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. आपले गाव त्यातल्या कोणत्या टप्प्यात आहे, ते पंचायत समितीत विचारता येते.