कंडरासंलग्नशोथ : निदानपद्धतींचा इतिहास

कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरीसारखी तंतुमय पट्टी) किंवा बंध जेथे हाडात शिरतो, त्या जागेच्या शोथास (दाहयुक्त सुजेस) कंडरासंलग्नशोथ म्हणतात. ‘एन्थेसायटिस’ या नावानेही तो ओळखला जातो. टाच, गुडघा व कोपर येथे तो विशेषेकरून आढळतो. ब्रिटिश विकृतिवैज्ञानिक जॉन बॉल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कणा ताठर करणाऱ्या कशेरुकसंधिशोथात या जागांच्या विकृतीचे महत्त्व दाखवून दिले.

प्रारंभी निदान सर्वस्वी हस्तस्पर्शावर अवलंबून होते. वैद्य बोटाने दाब देई व रुग्णास होणाऱ्या वेदनेवरून शोथ ठरवी. या परीक्षेस मापनाचे रूप देण्यासाठी मँडर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निर्देशांक मांडला. त्यात ६६ जागा तपासाव्या लागत. २००३ मधील मास्ट्रिक्ट निर्देशांकात त्या १३, तर २००८ मधील लीड्स निर्देशांकात केवळ ६ उरल्या. परीक्षा सुटसुटीत झाली, तरी मूळ उणीव कायम राहिली. वेदना म्हणजे शोथ नव्हे; सर्वांगी स्नायुवेदनेच्या विकारातही याच जागा दुखतात.

श्राव्यातीत ध्वनिचित्रणामुळे कंडरेची जाडी, प्रतिध्वनीची मंदता, हाडाची झीज व अस्थिकंटक प्रत्यक्ष दिसू लागले. ग्लासगो येथील बॅलिंट व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३५ रुग्णांच्या पायांतील जागा दोन्ही रीतींनी तपासल्या. हस्तपरीक्षेत सु. २२ टक्के, तर ध्वनिचित्रणात सु. ५६ टक्के जागा विकृत आढळल्या. २००३ मध्ये दागोस्तिनो व सहकाऱ्यांनी डॉप्लर तंत्राने हाडालगतचा वाढलेला रक्तप्रवाह हे सक्रिय शोथाचे लक्षण म्हणून पुढे आणले.

तथापि ध्वनिचित्रणही निर्दोष नाही. वाढते वय, स्थूलता व खेळातील ताण यांमुळेही कंडरा जाड होते व अस्थिकंटक वाढतात. शिवाय चित्राचा अर्थ तपासनिसाच्या कौशल्यावर अवलंबून असतो. म्हणून २०१४ मध्ये तज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सहमतीने ध्वनिचित्रणीय व्याख्या निश्चित केली. केवळ स्पर्शावर विसंबल्यास छुपा शोथ निसटतो. केवळ चित्रावर विसंबल्यास निरोगी माणसास अनावश्यक औषधे दिली जाण्याचा धोका असतो. यास्तव या दोन पद्धती परस्परपूरक मानल्या जातात.