चित्तरंजन दास यांची वकिली : अलीपूर खटल्याच्या (१९०८-०९) विशेष संदर्भात

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफोर्ड या न्यायाधीशाची गाडी समजून एका गाडीवर बॉम्ब टाकला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया बळी पडल्या. या एका घटनेतून हिंदुस्थानच्या दोन टोकांना दोन खटले उभे राहिले. या घटनेच्या निमित्ताने ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला. कलकत्त्यात २ मे रोजी मुरारीपुकुर बागेवर व अन्यत्र छापे पडले आणि अरविंद घोष, त्यांचे धाकटे बंधू बारींद्र व इतर अनेकांवर सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला. मराठी वाचकाला पहिला खटला तपशीलवार ठाऊक असतो. दुसऱ्यातील त्याच्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे चित्तरंजन दासांच्या भाषणाचा शेवट. प्रस्तुत लेखात त्या भाषणामागील वकिली कामाचा विचार केला आहे.

दास (१८७०-१९२५) विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा त्यांचे घर कर्जात होते. १९०६ मध्ये पिता-पुत्रांना नादारी पत्करावी लागली. व्यवसायात जम बसण्यास बराच काळ गेला. १९०७ च्या राजकीय खटल्यांनी त्यांचे नाव पुढे आले. ब्रह्मबांधव उपाध्याय यांचा ‘संध्या’ पत्रावरील खटला आणि ‘वंदे मातरम्’ प्रकरणी साक्ष देण्यास नकार देणाऱ्या बिपिनचंद्र पाल यांचे प्रकरण ही त्यातील दोन ठळक उदाहरणे होत. या दोन्ही ठिकाणी अशिलाला सुटकेपेक्षा आपली भूमिका मांडण्यात अधिक रस होता. उपाध्यायांनी तर परकीय न्यायालयाचा अधिकारच नाकारला आणि खटला चालू असतानाच ऑक्टोबर १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा आरोपीसाठी वकील काय करू शकतो, हा प्रश्न दासांपुढे अलीपूरच्या आधीच उभा राहिला होता.

अलीपूरच्या बचावासाठी अरविंदांच्या भगिनी सरोजिनी यांनी जनतेला मदतीचे आवाहन केले होते. आरंभी दुसरे वकील काम पाहत होते. निधी आटू लागला तेव्हा दास पुढे आले. पुढील काही महिने त्यांनी इतर व्यवसाय जवळजवळ बाजूला ठेवला. सुटकेनंतर मे १९०९ मध्ये उत्तरपाडा येथे केलेल्या भाषणात अरविंदांनी त्यांच्या या त्यागाचा व ढासळलेल्या प्रकृतीचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला आहे. आपण वकिलासाठी लिहून काढलेल्या सूचना शेवटी बाजूला ठेवल्या, असेही ते सांगतात. हा उल्लेख आध्यात्मिक अनुभवाच्या ओघात येतो. परंतु अशिलाने आपल्याला पूर्ण मोकळीक दिली, एवढा व्यावहारिक अर्थ वकिलाच्या दृष्टीने त्यात निश्चितच आहे.

सत्र न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे आय. सी. एस. परीक्षेत अरविंदांच्याच तुकडीतले. ग्रीक विषयात अरविंद पहिले, तर ते दुसरे आले होते. हा योगायोग चरित्रकारांना आवडतो. आमच्या मते निर्णायक बाब वेगळी आहे. येथे ज्यूरी नव्हती, असेसर होते आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते. मुंबईत टिळकांनी स्वतःचा बचाव करताना एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले आणि ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले. ज्यूरीला आपल्या निर्णयाची कारणे द्यावी लागत नाहीत. अलीपूरच्या न्यायाधीशाला मात्र प्रत्येक पुराव्याविषयी लेखी कारणमीमांसा करणे भाग होते. दासांनी एकेका कागदावर इतके श्रम का घेतले, याचे उत्तर येथे सापडते.

फिर्यादी पक्षातर्फे मद्रासचे नामांकित बॅरिस्टर अर्डली नॉर्टन उभे होते. एकेकाळी ते काँग्रेसच्या व्यासपीठावरही वावरले होते. दोनशेहून अधिक साक्षीदार व हजारो कागद यांतून अरविंद हेच कटाचे सूत्रधार, असे सुसंगत कथानक त्यांनी रचले. अरविंदांनी आपल्या कारावासाच्या आठवणींत त्यांची गणना नाटककारांत केली आहे, ती उपरोधाने असली तरी नेमकी आहे. कथानकाला पर्यायी कथानक देण्याचा मोह दासांनी टाळला आणि एकेका दुव्याला हात घातला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मिठाईचे पत्र’. बारींद्रने अरविंदांना लिहिलेले म्हणून सादर झालेल्या या इंग्रजी पत्रात देशभर मिठाई तयार ठेवण्याची भाषा होती. मिठाई म्हणजे बॉम्ब, असा फिर्यादी पक्षाचा अर्थ. पत्र डिसेंबर १९०७ मधील, सुरत काँग्रेसच्या दिवसांतले. त्या वेळी दोघे भाऊ सुरतेतच होते. मग पत्राचे प्रयोजन काय? बंगाली घरातील धाकटा भाऊ वडीलभावाला ‘सेजदा’ म्हणतो. तो ‘डिअर ब्रदर’ असे संबोधून खाली आपले संपूर्ण नाव कशासाठी लिहील? पत्र बनावट आहे, हा दासांचा दावा या घरगुती तपशिलावर उभा होता. न्यायाधीशांनीही ते संशयास्पद मानून त्यावर विसंबण्याचे नाकारले.

पत्नी मृणालिनी यांना लिहिलेली खाजगी पत्रे हा दुसरा कळीचा पुरावा. फिर्यादी पक्षाने ती कटाची मनोभूमिका दाखविण्यासाठी वाचली. दासांनी तीच पत्रे लेखकाच्या धार्मिक वृत्तीचा दाखला म्हणून वापरली. स्वातंत्र्याच्या ध्येयाचा प्रचार हा गुन्हा असेल तर आरोपीने तो केला आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. त्या ध्येयापासून बॉम्बपर्यंतचा दुवा मात्र सिद्ध झालेला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. अशी कबुली देणे धोक्याचे होते. तथापि, ती दिल्यामुळेच अरविंदांचे सर्व जाहीर लेखन आरोपाच्या कक्षेबाहेर काढता आले.

यशाचे सारे श्रेय वकिलाला देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. माफीचा साक्षीदार नरेन गोसाई याला ३१ ऑगस्ट १९०८ रोजी कन्हाईलाल दत्त व सत्येंद्रनाथ बोस यांनी तुरुंगातच गोळ्या घातल्या. त्याची उलटतपासणी झालेली नसल्याने त्याचा जबाब सत्र न्यायालयात ग्राह्य ठरला नाही. फिर्यादी पक्षाचा सर्वांत भक्कम आधार अशा रीतीने दासांच्या भाषणापूर्वीच नाहीसा झाला होता. गौरवपर चरित्रांत याला फारसे स्थान मिळत नाही.

६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. बारींद्र व उल्लासकर दत्त यांना फाशी सुनावली गेली. त्यांचे अपील मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे चालले. हेच जेंकिन्स त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये दोघांची फाशी रद्द होऊन जन्मठेप काळे पाणी कायम झाले.

यानंतर दासांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. ढाक्का कटाचा खटला त्यांनी लढविला आणि १९१३ मध्ये, कायद्याने बंधन नसतानाही, नादारीतील जुनी देणी फेडली. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर ही भरभराटीची वकिली त्यांनी सोडली. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना अटक झाली. असहकाराच्या तत्त्वानुसार त्यांनी बचाव केला नाही आणि त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुभाषचंद्र बोस यांनी नोंदविले आहे की, ज्या सह्यांच्या आधारे हा गुन्हा शाबीत झाला त्या सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञाने दासांच्या म्हणून ओळखल्या. प्रत्यक्षात त्या त्यांच्या नव्हत्या.