बारा सोंगट्यांचा वाद

इ. स. १६५७ सालीं क्रिस्तियान ह्यूजेन्स या डच गणितज्ञाचा द्यूतांतील हिशोबांवरील एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटीं वाचकांकरितां पांच प्रश्न ठेविले होते. त्यांतील दुसरा असा: चार पांढऱ्या व आठ काळ्या मिळून बारा सोंगट्या आहेत. तिघे गडी पाळीपाळीनें, न पाहतां, एकेक उचलतात. ज्याच्या हातीं प्रथम पांढरी येईल तो जिंकला. तर तिघांच्या संभवांचें परस्पर प्रमाण काय?

हातीं आलेली काळी सोंगटी परत टाकावयाची कीं बाजूस ठेवावयाची, हें मात्र प्रश्नांत नव्हतें! १६६५ सालीं ह्यूजेन्स व ॲम्स्टरडॅमचा योहान हुडे यांचीं उत्तरें पत्रोपत्रीं जुळेनात, तीं याचमुळें. ह्यूजेन्स सोंगटी परत टाकीत होता, हुडे बाजूस ठेवीत होता.

परत टाकल्यास प्रत्येकाला बारांत चार हीच संधि. प्रमाण ९ : ६ : ४. बाजूस ठेविल्यास पहिल्याला बारांत चार. तो चुकला तर दुसऱ्याला अकरांत चार. तोहि चुकला तर तिसऱ्याला दहांत चार. काळ्या आठच असल्यामुळें नवव्या खेपेच्या पुढें डाव जात नाहीं. प्रमाण येतें ७७ : ५३ : ३५. म्हणजे हजार डावांत पहिल्याचे सुमारें सात कमी होतात, आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या पदरांत पडतात. याकोब बर्नुलीनें तर प्रत्येक गड्याजवळ स्वतःच्या बारा सोंगट्या आहेत असा तिसराहि अर्थ काढिला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ त, निघाला.

सात डावांसाठीं एवढा खल म्हणजे रिकामपणचा उद्योग, असें कोणास वाटेल. पण याच हुडेनें पुढें वर्षासनें घेणाऱ्यांच्या वयांचीं व मृत्यूंचीं कोष्टकें तयार केलीं. हॉलंडचें सरकार एकरकमी पैसे घेऊन मनुष्य जिवंत असेतों दरसाल ठराविक रक्कम देई. या यादींतून गेलेला मनुष्य पुन्हा यादींत येत नाहीं. उरलेल्यांचा हिशोब दरसाल नव्यानें मांडावा लागतो. १६७१ त यान् द विट् यानें तो मांडून दाखविला. एका फ्लोरिनच्या वर्षासनाची खरी किंमत सोळा फ्लोरिनांहून अधिक भरत होती, आणि सरकार तें चौदांना विकीत होतें.