न्यायालयीन प्रशासनातील उत्तरदायित्व

न्यायालयाच्या कामाची दोन अंगे आहेत. पुरावा तपासून निकाल देणे हे पहिले. दावा दाखल करून घेणे, बोर्ड लावणे, समन्स बजावणे, मुद्देमाल सांभाळणे, नकला देणे, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या करणे हे दुसरे. पहिल्याला स्वातंत्र्य हवे, आणि १८५० व १९८५ च्या संरक्षण कायद्यांनी ते दिले आहे. निकाल चुकला तर अपील असते. पण बोर्डावर न येणारे प्रकरण किंवा गहाळ झालेली फाइल यांवर अपील नाही. तिथे जाब विचारण्याची सोयच हवी. न्यायदानाच्या स्वातंत्र्याची ढाल प्रशासकीय ढिलाईपुढे धरणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी गल्लत होय.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. अनुच्छेद २२९ ने उच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुका मुख्य न्यायमूर्तींकडे सोपवल्या आहेत. इमारती, पदे आणि पगार यांचा पैसा मात्र प्रामुख्याने राज्य शासनाचा. त्यामुळे विलंबाची जबाबदारी दोघांमध्ये टोलवली जाते. दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश पाच वर्षांत नेमावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. ते प्रमाण अद्याप गाठलेले नाही.

पक्षकाराची गाठ पडते ती नाझर, बेलीफ, नक्कल विभाग आणि रोजनामा यांच्याशी. त्या तारखेला काय झाले आणि पुढची तारीख कशासाठी पडली, हे रोजनाम्यात नोंदलेले असते. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत उत्तरदायित्वाचा पहिला कागद हाच आहे, आणि तो नीट लिहिला जाणे हा पक्षकाराचा हक्क मानला पाहिजे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब व विनामूल्य द्यावी लागते. हे बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, २०२३ च्या नव्या संहितेतही आहे.

या विषयातला सर्वांत नेमका निर्णय म्हणजे अनिल राय विरुद्ध बिहार राज्य (२००१). युक्तिवाद संपूनही वर्षानुवर्षे राखून ठेवलेल्या निकालांवर त्यात बोट ठेवले गेले. निकाल कधी राखून ठेवला आणि कधी दिला, या दोन्ही तारखा त्यावर छापाव्यात. राखीव प्रकरणांची यादी दरमहा मुख्य न्यायमूर्तींपुढे जावी. तीन महिने उलटल्यास पक्षकाराला लवकर निकालासाठी अर्ज करता यावा. सहा महिन्यांनंतर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे देण्याची मागणी करता यावी. न्यायाधीशाने काय ठरवावे, यावर त्यात अवाक्षर नाही. कधी ठरवावे, एवढेच आहे. स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांच्यातली सीमारेषा इतकी स्वच्छ इतरत्र क्वचितच दिसते.

न्यायाधीशांच्या वर्तनाचा प्रश्न वेगळा. संसदेमार्फत पदच्युती हा संविधानातला मार्ग अत्यंत अवघड आहे. १९९५ मध्ये वकील संघटनांच्या ठरावांनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणातील निर्णयानंतर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली.

पारदर्शकतेचा प्रवास सावकाश झाला. मुंबईतूनच गेलेल्या नरेश श्रीधर मिरजकर खटल्यात (१९६६) खुले न्यायालय हा नियम मान्य झाला, पण न्यायहितासाठी प्रसिद्धी रोखण्याचा अधिकारही मान्य झाला. २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणांची राष्ट्रीय आकडेवारी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली झाली. थेट प्रक्षेपणाला २०१८ मध्ये संमती मिळाली. घटनापीठाच्या सुनावण्या प्रत्यक्ष दिसू लागल्या २०२२ मध्ये. भारताच्या सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकार कायद्याखाली येते, असा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. मात्र खटल्यातील कागदपत्रे त्या कायद्याखाली मागता येत नाहीत. २०२० च्या गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या निर्णयानुसार त्यांसाठी संबंधित न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नकलेचा अर्जच करावा लागतो.